पळत्या भाकरीची कैफियत

चुलीपुढे बसून भाकऱ्या भाजणाऱ्या बाईकडे ज्याने लहानपणी टक लावून पाहिले असेल, त्याला भाकरीच्या आयुष्यातील एक क्षण सहसा विसरता येत नाही. परातीत थापली जाते तेव्हा ती निव्वळ पीठ असते, तव्यावर पाण्याचा हात फिरवून उलथली जाते तेव्हाही ती निमूटपणे आडवी पडलेली असते. परंतु तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांच्या धगीला जेव्हा ती कडेवर उभी केली जाते, पापुद्रा सुटून टम्म फुगते आणि आतल्या वाफेने किंचित डोलते, तेव्हा ती एखाद्या चाकासारखी दिसू लागते, आणि भुकेने कासावीस झालेल्या पोराच्या मनात अशी शंका येऊन जाते की, हिला जरासा उतार मिळाला तर ही स्वयंपाकघरातून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात आणि अंगणातून थेट पाणंदीला लागेल. आपली भाषा तर या शंकेला पुष्टीच देते. दूध उतू जाते, भात शिजतो, वरण बुडाला लागते, भाकरी फुगते. करणारी बाई वाक्यातून नाहीशी होते आणि क्रियापदाचे कर्तेपण अन्नाकडे जाते. ज्या मुलखांत धान्याचे पीठ करून ते गोल आकारात भाजण्याची वहिवाट आहे, त्यांपैकी कित्येकांत हीच शंका गोष्टीच्या रूपाने बोलून दाखविलेली आढळते.

रशियातील मुलांना पाठ असलेली 'कोलोबोक'ची गोष्ट अफनास्येव यांच्या १८५५ ते १८६३ या काळात प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहात आहे. म्हातारा म्हातारीला कोलोबोक, म्हणजे पिठाचा गोळा, भाजावयास सांगतो. ती म्हणते, पीठ कोठे आहे? मग ती पक्ष्याच्या पंखाने पेटीचा तळ खरवडते, कणगीचा कोपरा झाडते, आणि जेमतेम दोन ओंजळी पीठ निघते. ते आंबट सायीत मळून, लोण्यात तळून ती एक गोळा करते व निवावयास खिडकीत ठेवते. हा गोळा खिडकीतून बाकावर, बाकावरून जमिनीवर, तेथून उंबरा ओलांडून बाहेर, असा निघून जातो; वाटेत ससा, लांडगा व अस्वल भेटतात, त्या प्रत्येकाला आपली वंशावळ आणि आपल्या पलायनाचा इतिहास गाऊन दाखवितो, आणि शेवटी कोल्हीण बहिरेपणाची बतावणी करून त्याला आपल्या नाकावर बसविते, मग जिभेवर, आणि मग गोष्ट संपते. आस्ब्यॉर्नसेन व मो यांच्या नावाशी निगडित असलेल्या नॉर्वेजियन कथांत सात भुकेल्या मुलांची आई दुधातले धिरडे भाजीत असते. जर्मनीत कोल्सहॉर्न बंधूंनी १८५४ साली हानोवर येथे छापलेल्या संग्रहात एक जाडजूड धिरडे पळते. स्कॉटलंडमध्ये ओटच्या पिठाची 'बॅनक' नावाची भाकरी पळते, ती रॉबर्ट चेंबर्स यांच्या संग्रहात आहे. जोसेफ जेकब्स यांच्या १८९० च्या पुस्तकात मक्याचा 'जॉनीकेक' आहे. आणि न्यूयॉर्कच्या 'सेंट निकोलस' मासिकाच्या मे १८७५ च्या अंकात सुंठीच्या पावाचा केलेला मुलगा आहे. लोककथांची सूची करणाऱ्या पंडितांनी या सर्व कुळाला २०२५ हा क्रमांक देऊन त्याची नोंद आपल्या दप्तरात केलेली आहे. प्रत्येक मुलखाने आपापले धान्य पळविले एवढाच त्यांत वरवरचा फरक. बाकी पळणे तेच, बढाई तीच आणि बहुधा शेवटही तोच.

शाळांतून आणि बालपुस्तकांतून या गोष्टीचे तात्पर्य म्हणून जे सांगितले जाते, ते असे की, मुलांनी घर सोडून पळू नये, वडिलांची अवज्ञा करू नये, गोड बोलणाऱ्या परक्यावर विश्वास ठेवू नये. हे तात्पर्य ज्याने प्रथम काढले त्याने गोष्ट ऐकली असावी, पण तिचा हिशेब मांडला नसावा. कोलोबोक खिडकीत मुकाट्याने बसून राहिला असता तर त्याचे काय झाले असते? म्हाताऱ्याने त्याला खाल्ले असते. पळाला म्हणून काय झाले? कोल्हिणीने त्याला खाल्ले. आज्ञापालनाचे पारितोषिक आणि अवज्ञेचे शासन ही दोन्ही जर एकच असतील, तर त्या नीतिपाठात शिकण्यासारखे काय उरते? फार तर इतकेच म्हणता येईल की, पळाल्यामुळे त्याला दोन घटका जग पाहावयास मिळाले. आणि हे तात्पर्य कोणत्याही शिक्षणखात्याला मंजूर होण्याजोगे नाही. दुसरा एक पक्ष पुराणकथांच्या अभ्यासकांचा. एकोणिसाव्या शतकात या पंथाचा मोठा दरारा होता आणि स्वतः अफनास्येवही त्याच पंथाचे होते. या पंथाच्या दृष्टीला गोल वस्तू दिसली की तिच्यात सूर्य अथवा चंद्र दिसे. आकाशातून घरंगळत जाणारा आणि कलेकलेने कुरतडला जाणारा गोल म्हणजे कोलोबोक, असा अर्थ लावणे त्यामुळे अगदी सोपे होते. परंतु ज्या किल्लीने सगळीच कुलपे उघडतात, त्या किल्लीने कोणत्याही एका कुलपाची रचना कळत नाही. चंद्राला कणगीचा कोपरा झाडावा लागत नाही; म्हातारीला लागतो. पक्ष्याच्या पंखाने खरवडून काढलेले ते दोन ओंजळी पीठ ज्या अर्थामध्ये बसत नाही, तो अर्थ कितीही तेजस्वी असला तरी या गोष्टीचा नव्हे.

माझ्या मते ही गोष्ट मुळात हक्काची आहे. अन्न कोणाचे, हा तिचा प्रश्न आहे, आणि पळणारी भाकरी म्हणजे त्या प्रश्नाला फुटलेले पाय. ज्याने पीठ मळले, ज्याने चूल पेटविली, ज्याच्या घरात ते भाजले गेले, त्याची त्यावर मालकी असते, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की त्याचा पुरावा कोणी मागत नाही. गोष्ट तो पुरावा मागते, आणि तो मागण्यासाठी ती नेमकी वेळ निवडते. पीठ पळत नाही, कणीक पळत नाही, आणि ताटात वाढलेली भाकरीही पळत नाही. या साऱ्या कथांत अन्न पळते ते शिजून पुरे झाल्यावर आणि मुखी लागण्यापूर्वी, खिडकीत निवत असताना, तव्यावर उलटले जात असताना, भट्टीचे दार उघडले जात असताना. नॉर्वेजियन गोष्टीत तर आईच्या तोंडून शब्दच चुकीचा निघतो: मी धिरडे उलटेपर्यंत थांबा, असे म्हणण्याऐवजी ती म्हणते, ते उलटेपर्यंत थांबा, आणि हा शब्द ऐकताच धिरड्याला आपण स्वतःहून उलटू शकतो याची जाणीव होते. व्याकरणाने दिलेले कर्तेपण ते खरे मानते आणि दाराबाहेर पडते. हातातोंडाशी आलेला घास असा जो शब्दप्रयोग आपण करतो, त्यातील हात आणि तोंड यांच्यामधले ते चार बोटांचे अंतर, म्हणजेच या सर्व कथांची रंगभूमी होय. त्या अंतरात अन्न कोणाचेच नसते.

मग त्यावर दावे सुरू होतात. कथांची रचना पाहिली तर ती एखाद्या दिवाणी खटल्याच्या दप्तरासारखी आहे: एकामागून एक दावेदार उभा राहतो, थांब, मी तुला खाणार, एवढाच आपला हक्कलेख वाचून दाखवितो, आणि भाकरी प्रत्येकाची फिर्याद काढून टाकते. स्कॉटलंडच्या गोष्टीत ही मिरवणूक फार बहारीची आहे. तेथील म्हातारा-म्हातारी रशियातल्यांसारखी कंगाल नाहीत. त्यांच्यापाशी दोन गाई, पाच कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, आणि म्हातारीने एक सोडून दोन भाकऱ्या भाजल्या आहेत. पळालेली भाकरी शिंप्याच्या घरात शिरते, विणकराच्या घरात शिरते, ताक घुसळणाऱ्या बाईच्या, पिठाच्या चक्कीवाल्याच्या, लोहाराच्या घरात शिरते. प्रत्येक जण आपल्या कामाचे हत्यार हाती घेऊन तिच्यामागे धावतो, आणि ती प्रत्येक दारातून निसटते. आपल्या गावगाड्यातील बलुतेदारांना खळ्यावरून बलुते मिळे. येथे जणू खळेच बलुतेदारांच्या दारी चालून येते आणि कोणालाही मूठभर न देता पुढे जाते. शिंपी, विणकर, लोहार यांनी श्रम केले नाहीत असे कोण म्हणेल? परंतु श्रमाचा हक्क एक आणि या भाकरीवरील हक्क दुसरा, असा हा निर्दय निकाल आहे, आणि अखेर ती कोल्ह्याच्या बिळात जाऊन पडते, ज्याने ना पेरले, ना दळले, ना विणले.

बहुतेक कथा येथेच, म्हणजे फिर्याद खारीज होऊन माल लबाडाच्या घरी जाण्यापाशी संपतात, आणि म्हणून त्या ऐकून झाल्यावर हसू येत असले तरी मनात एक खुटखुट राहते. नॉर्वेच्या गोष्टीतील सात पोरे उपाशी राहतात आणि ओढा ओलांडून देण्याच्या मिषाने डुक्कर धिरडे गिळते. अमेरिकेतील सुंठीच्या पावाचा मुलगा तर निपुत्रिक म्हातारीने पुत्र म्हणूनच घडविलेला; तो खळ्यावरचे मळणारे, शेतातले गवत कापणारे, गाय आणि डुक्कर या सर्वांना मागे टाकतो, आणि कोल्ह्याच्या तोंडात सापडल्यावर आपला किती भाग संपला याचा चढता हिशेब स्वतःच देतो: पाव, अर्धा, पाऊण, सगळा. आपल्याच वासलातीची अशी काटेकोर जमाखर्ची नोंद दुसऱ्या कोणत्या वाङ्मयातील पात्राने केली असेल असे मला वाटत नाही. परंतु जर्मनीतील त्या जाड धिरड्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला तीन म्हाताऱ्या खाऊ पाहतात, मग वाटेतले प्राणी एकेक करून खाऊ पाहतात. ते सर्वांना हुलकावणी देते. मग आईबाप नसलेली पोरे भेटतात. ती इतरांसारखी, थांब, तुला खातो, असे दरडावत नाहीत; लाडिकपणे विनवतात आणि दिवसभर पोटात काही नाही एवढेच सांगतात. ते धिरडे आपण होऊन त्यांच्या टोपलीत उडी घेते. हा शेवट एका क्षणात बाकीच्या सर्व कथांवर प्रकाश टाकतो. अन्नाला खाल्ले जाण्याची भीती नव्हती. आपल्याला कोण आणि कोणत्या नात्याने खातो याची त्याला निवड करावयाची होती. पलायन हा या खटल्यातील गुन्हा ठरत नाही. ते योग्य वारसाचा शोध ठरते.

येथे आपल्याकडील रीतीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. शिजणे आणि खाणे यांच्यामधील ज्या रिकाम्या जागेतून युरोपातील भाकरी निसटते, ती जागा आपल्या पूर्वजांनी रिकामी ठेवलीच नव्हती. अन्न शिजले की त्याचा नैवेद्य दाखवावयाचा, वैश्वदेवाची आहुती द्यावयाची, गोग्रास काढावयाचा, काकबळी ठेवावयाचा, दाराशी कोणी अतिथी उभा आहे काय ते पाहावयाचे, पानाभोवती चित्राहुती मांडावयाच्या, आणि मग यजमानाने घास घ्यावयाचा. ससा, लांडगा, अस्वल आणि कोल्हीण ही जशी कोलोबोकच्या वाटेवर एकामागून एक उभी राहतात, तसेच हे दावेदार आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी एकामागून एक उभे राहतात. फरक इतकाच की, तेथे त्यांची मागणी फेटाळली जाते आणि येथे प्रत्येकाला त्याचा अंश मोजून दिला जातो. जे तेथे पाठलागाच्या रूपाने कथेत आले, ते येथे वाटणीच्या रूपाने आचारात आले. दोहोंच्या मुळाशी कल्पना एकच: ज्याने शिजविले तो अन्नाचा धनी नव्हे, तो फार तर त्याचा वहिवाटदार. ज्येष्ठागौरीच्या कहाणीतील गरीब ब्राह्मणाच्या घरीही मडक्याचा तळ लागलेला आहे, रशियातील म्हातारीच्या पेटीसारखाच. परंतु तो तळ्याकाठी भेटलेल्या म्हाताऱ्या सवाष्णीला घरी घेऊन येतो, त्याची बायको कण्या आहेत काय म्हणून पाहावयास जाते, तो मडके भरलेले. एका घरी तळ खरवडून केलेले अन्न पळाले आणि दुसऱ्या घरी तळ लागलेले मडके भरले. मधला फरक एका आगंतुक पाहुणीचा.

मात्र भाकरी पळण्याची कल्पना आपल्याकडे नव्हती असे समजण्याचे कारण नाही. शतपथ ब्राह्मणाच्या पहिल्या कांडात एक विलक्षण हकीकत आहे. देवांनी यज्ञाच्या बळावर स्वर्ग जिंकला, आणि तो मनुष्यांच्या हाती लागू नये म्हणून मधमाश्यांनी मध शोषावा तसा यज्ञातील रस शोषून घेतला, मागच्या खुणा पुसल्या आणि ते अदृश्य झाले. ऋषी शोध करीत निघाले, तेव्हा त्यांना यज्ञातील पुरोडाश, म्हणजे कपाल नावाच्या खापरांवर भाजलेली पिठाची पोळी, कासव होऊन सरपटत चाललेली दिसली. त्यांनी तिला हाका मारल्या. अश्विनांसाठी थांब, म्हणाले. ती थांबली नाही. सरस्वतीसाठी थांब, इंद्रासाठी थांब. तरी ती चालतच राहिली. शेवटी अग्नीचे नाव घेतले तेव्हा ती थांबली. या हकीकतीचा आणि युरोपीय कथांचा काही ऐतिहासिक संबंध आहे असे मी म्हणणार नाही. जर्मन पंडित बेनफाय यांच्या काळापासून साऱ्या जगाच्या गोष्टी हिंदुस्थानातून निर्यात झाल्या असे मानण्याची जी हौस निर्माण झाली, तिने आपल्या अभिमानाला जितके खाद्य पुरविले तितके ज्ञानाला पुरविले नाही. संबंध आहे तो विचाराचा. येथेही भाजलेली पोळी चालू लागते, येथेही हाकांची चढती मालिका आहे, येथेही एकेक दावा विफल होतो. आणि येथे मूळ अपराध कोणाचा आहे हेही स्पष्ट सांगितलेले आहे. जे आधी पोहोचले त्यांनी मागून येणाऱ्यांसाठी काही शिल्लक ठेवू नये, या वृत्तीतून अन्न चालते झाले.

अन्न चालू लागले म्हणजे त्याला 'मी' प्राप्त झाला, आणि हा 'मी' फार विचार करण्याजोगा आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीच्या शेवटी ज्ञान झालेला पुरुष आनंदाने गाऊ लागतो तेव्हा तो स्वतःला अन्न म्हणतो आणि अन्न खाणाराही म्हणतो. दोन्ही बाजू एकाच मुखाने बोलतात. कोलोबोकला यांतले अर्धेच उमगलेले असते. मी खाल्ला जाण्याची वस्तू नव्हे, इतकेच तो गातो, आणि ते गाणेच त्याला खाते. कारण कोल्हिणीला त्याला पकडावे लागत नाही, तिला फक्त ते गाणे पुन्हा एकदा, जरा जवळून ऐकण्याची विनंती करावी लागते. आपल्याकडील भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला वाटेत वाघ-कोल्हे अडवतात. ती म्हणते, आता माझ्या अंगावर मांस कोठे आहे, लेकीकडे तूपरोटी खाऊन लठ्ठ होऊन येऊ दे, मग खा. परतताना ती भोपळ्यात बसते आणि भोपळा टुणुक टुणुक करीत रान तुडवितो. येथे माणूस हे अन्न आहे आणि अन्नाची वस्तू हे त्याचे वाहन; खाणारा कोण आणि खाल्ला जाणारा कोण, याची अदलाबदल पुरी झाली आहे. बंगालात उपेंद्रकिशोर राय चौधुरी यांनी १९१० साली 'टुनटुनीर बोई'त हीच म्हातारी दुधी भोपळ्यात बसविली, आणि इराणातही ती घरंगळत्या कदूतून घरी येते. वाघाने विचारले तेव्हा तिने आपले नाव, गाव, वंशावळ गाऊन दाखविली नाही. असली कोणी म्हातारी आपल्याला ठाऊकच नाही असे सांगून ती पुढे गेली. आपण अन्न आहोत हे जिने वाघासमोर आधीच कबूल केले होते, ती वाचली. आपण अन्न नाही असे जो गात सुटला, तो संपला. बढाईला गाणे हवे असते आणि गाण्याला श्रोता. दुर्बळाचा खरा आसरा भोपळ्याची कवटी.

या विचाराची दोन टोके हंगेरी आणि जपान येथे सापडतात. हंगेरीतील गोष्टीत डुकराचे मांस भरून केलेला 'गोम्बोत्स' नावाचा गोळा माळ्यावर टांगून ठेवलेला असतो. तो आणावयास थोरली मुलगी वर जाते, तिला तो गिळतो. मग मधली, मग धाकटी, मग आई, मग बाप. मग दोर तोडून तो रस्त्यावर येतो आणि वाटेत भेटेल त्याला, अगदी सैनिकांच्या तुकडीलादेखील, पोटात घालतो. अखेर एका डुकरे राखणाऱ्या पोराच्या चाकूने त्याचे पोट फाटते आणि सगळी माणसे बाहेर पडतात. साठवून, टांगून, उद्यावर ठेवलेले अन्न मालकालाच खाते, ही शिकवण सावकारांच्या कोठारांवर कोरून ठेवण्यासारखी आहे. जपानी गोष्टीत म्हाताऱ्याच्या शिदोरीतील भाताचा गोळा घरंगळत उंदरांच्या बिळात जातो. म्हातारा त्यांच्यावर रागावत नाही, आणि उंदीर कृतज्ञतेने त्याला संपत्ती देतात. मग लोभी शेजारी मुद्दाम गोळा ढकलून देतो व फजीत होतो. सुटलेल्या घासाला सुटू देणारा भरून पावतो, हे एक टोक. आणि कवटाळलेला घास कवटाळणाऱ्याला गिळतो, हे दुसरे. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असे आपली म्हण बजावते. पण जे हातातून सुटले ते मुळात आपले होते काय, हे ती विचारीत नाही. गोष्टी विचारतात.

आता या प्रतिपादनावर एक आक्षेप येईल, आणि तो मी स्वतःच घेतो. वाटणीच्या ज्या आचाराचा मी गौरव केला, त्या आचारात कावळ्याचा आणि गाईचा वाटा ठरलेला होता. परंतु ज्याने ते धान्य पेरले, कापले आणि मळले, आणि ज्याला अस्पृश्य म्हणून अंगणाबाहेर उभे केले होते, त्याचा वाटा सर्वांची जेवणे उरकल्यावरच्या उरल्यासुरल्यात होता. पाण्यालाही हाच न्याय लागू होता; म्हणून तर जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही गोष्ट घडणे आवश्यक ठरले आणि ती घडली म्हणून लोकांना धक्का बसला. तात्पर्य, रिकाम्या जागेत दावेदारांची रांग लावणे पुरेसे नाही. रांगेत कोणाला उभेच राहू दिले नाही, हे पाहिले पाहिजे. शिवाय अन्न खरोखर पळते तेव्हा ते कोल्ह्याच्या नाकावर बसून जात नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनच्या माणसांनी खडी फोडण्याच्या कामावर हाडे झिजविली, आणि त्याच काळात देशातील धान्य आगगाडीच्या डब्यांतून बंदराकडे आणि बंदरातून विलायतेकडे जात होते. जेथे भाव होता तेथे ते गेले. जेथे भूक होती तेथे ते थांबले नाही. गोष्टीतील भाकरी निदान स्वतःच्या इच्छेने घरंगळते. इतिहासातील भाकरीला लोखंडी चाके लावून कोणी तरी पळवीत असतो, त्याचे फर्मान छापील असते आणि त्याला बाजाराचा नियम असे सभ्य नाव असते. हे ज्याने पाहिले त्याला पळत्या भाकरीची गोष्ट पोरकट वाटणार नाही.

आणि म्हणून मला पुन्हा त्या दोन ठिकाणांकडे यावेसे वाटते, जेथे पळणारे अन्न कोणाच्या लबाडीला न फसता आपण होऊन थांबले. शतपथातील पोळी अश्विनांसाठी थांबली नाही, विद्येच्या देवतेसाठी थांबली नाही, देवांच्या राजासाठी थांबली नाही. ती अग्नीसाठी थांबली. यज्ञकर्त्यांनी त्याचा अर्थ वेदीवरचा अग्नी असा केला, तो त्यांच्या व्यवसायाला धरूनच होता. परंतु ज्या परंपरेने प्रत्येक प्राण्याच्या जठरात अन्न पचविणारा वैश्वानर अग्नी पाहिला, तिच्या वारसांनी त्याचा आणखी एक अर्थ करावयास हरकत नसावी. हानोवरच्या संग्रहातील धिरडे ज्या पोरांसाठी थांबले, त्यांच्यापाशी सांगण्यासारखे कूळ नव्हते, हातात हत्यार नव्हते, आणि आईबापही नव्हते. त्यांच्यापाशी तो अग्नी मात्र सकाळपासून पेटलेला होता. पद, विद्या, सत्ता आणि श्रम यांचे दावे ऐकूनही जे चालत राहते, ते एका उपाशी पोटाच्या साध्या सांगण्यापुढे थांबते, असे हे दोन निवाडे आहेत, आणि त्यांच्यामध्ये हजारो वर्षांचे व हजारो कोसांचे अंतर आहे. चुलीच्या तोंडाशी कडेवर उभ्या राहिलेल्या त्या भाकरीकडे पाहणारे पोर काही वेगळे सांगत नसते. ती पळत नाही, याचे कारण ते तेथे भुकेले बसलेले आहे.